कबुतरं, सासूबाईंचा खोकला आणि ९६ गोष्टींची 'इम्युन' टेस्ट: करावी का?

चिऊताई_१४वा_मजला

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. जरा लांबेल, चालवून घ्या.

सासूबाई ६३ वर्षांच्या. सगळा जन्म गिरगावच्या चाळीत गेला, चार वर्षांपूर्वी आमच्याकडे लोअर परळला राहायला आल्या. गेल्या गणपतीपासून कोरडा खोकला. आधी 'हवा बदलली' म्हणून सिरप झालं, मग दमा म्हणून पंप झाला, मग टीबीची शंका आली, थुंकीत काही सापडलं नाही. जानेवारीत लिफ्ट बंद होती त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच खाली बसल्या, तेव्हा आम्ही घाबरलो आणि छातीच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांचा पहिला प्रश्न: घराच्या आसपास कबुतरं आहेत का? मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. आमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमागे तीन वर्षं कबुतरांची बाळंतपणं चाललीत. सासूबाई रोज दुपारी त्याच खिडकीशी बसून पोथी वाचतात.

मग छातीचा सीटी झाला (एकदा श्वास भरून, एकदा सोडून), रक्तात कबुतराच्या अँटीबॉडी भरपूर निघाल्या, आणि शेवटी दुर्बीण घालून फुप्फुस 'धुतलं'. त्या पाण्याच्या रिपोर्टात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींची एक जात) ४६%. डॉक्टर म्हणाले हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या धुळीची फुप्फुसाला आलेली ॲलर्जी. कबुतरं बंद करा, स्टेरॉइड सुरू करू.

आता खरा प्रश्न. जाऊबाईंच्या ओळखीतल्या एकांनी 'सेल्युलर इम्युन रिस्पॉन्स पॅनेल' सुचवलंय. घरी येऊन रक्त नेणार, ९६ गोष्टींवर पेशी कशा वागतात ते बघणार: धातू, बुरशी, प्लास्टिक, परागकण, गहू, दूध, कबुतरसुद्धा. रिपोर्ट लाल-पिवळा-हिरवा असा येतो. २४,५०० रुपये. म्हणतात अँटीबॉडी ही जुनी टेस्ट, पेशींची टेस्ट म्हणजे मुळापर्यंत जाणारी. हे कुणी केलंय का? पेशींची टेस्ट म्हणजे नक्की काय करतात?

दादरकर_तिसरी_पिढी

ताई, आधी त्या युनिटला जाळी मारा, टेस्टचं नंतर बघू.

आमची खिडकी कबुतरखान्याकडे उघडते. २०२५च्या पावसाळ्यात ताडपत्री टाकली, मोर्चे झाले, हायकोर्ट झालं, सगळं गॅलरीतून बघितलंय. ज्यांना दाणे टाकायचे असतात ते पहाटे येऊन टाकतातच. आमच्या मजल्यावर दोन घरांत ऑक्सिजनचं मशीन आहे. आणि

संपादक_मंडळ

कबुतरखान्याच्या राजकारणावर वेगळा धागा आहे, तिथे काय ते भांडा. इथे तपासणीबद्दल बोलूया. दादरकर, तुमचा पुढचा परिच्छेद उडवला आहे, राग नसावा.

बफी_कोट

चिऊताई, मी अकरा वर्षं परळ भागातल्या एका लॅबमध्ये पेशींचं कल्चर केलं आहे. आता त्या कामात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. डॉक्टर नाही, औषधाबद्दल विचारू नका.

पहिलं म्हणजे, सासूबाईंची पेशींची टेस्ट झालेली आहे! दुर्बिणीतून फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात सलाइन सोडतात आणि परत खेचतात. धडधाकट, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या त्या पाण्यात बहुतेक मॅक्रोफेज असतात, म्हणजे झाडूवाल्या पेशी. लिम्फोसाइट साधारण १० ते १५ टक्के. सासूबाईंचे ४६. म्हणजे लढाई जिथे चाललीय तिथली माणसं मोजून झालीत. दंडातल्या रक्तात लढाईला न गेलेले किंवा वाटेत असलेले शिपाई भेटतात. अर्थात ४६ हा आकडा एकटा निदान करत नाही, सारकॉइडोसिस नावाच्या गाठींच्या आजारात, टीबीत, काही औषधांनीही तो वाढतो. सीटी, घरातली कबुतरं आणि हा आकडा, तिन्ही एका दिशेला बोट दाखवतात म्हणून डॉक्टरांनी नाव दिलं.

आता अँटीबॉडी 'जुनी' का? रक्तातल्या कबुतराच्या अँटीबॉडी एवढंच सांगतात की हे शरीर कबुतराला भेटलंय. कबुतरं पाळणाऱ्या अनेक ठणठणीत लोकांच्या रक्तातही त्या भरपूर असतात. या आजारात टी पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइटमधल्याच एका जातीचा, हात मोठा. १९४२ साली लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनिपिगवर दाखवलं होतं की ही उशिरा उमटणारी ॲलर्जी सीरममधून (पेशी काढून उरलेल्या, अँटीबॉडी असलेल्या पाण्यातून) दुसऱ्या प्राण्यात जात नाही, पेशी दिल्या की जाते. त्यामुळे 'पेशी बघा' हे म्हणणं चुकीचं नाही. गडबड पुढे आहे.

पेशींची टेस्ट कशी करतात ते सांगतो. हिरव्या टोपीच्या नळीत रक्त घेतात, त्यात हेपरिन असतं. ते एका जड द्रावावर हलक्या हाताने सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की लाल पेशी तळाला जातात, वर पिवळा प्लाझ्मा राहतो आणि मधे धुक्यासारखा पांढरा पट्टा दिसतो. तो पिपेटने उचलायचा. नवशिक्यांचा हात इथेच थरथरतो, माझाही थरथरायचा. त्या पेशी निळ्या रंगात बघायच्या, मेलेल्या निळ्या होतात, जिवंत होत नाहीत. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकायच्या: काही खळग्यांत नुसत्या पेशी, काहींत कबुतराचा अर्क, काहींत पीएचए नावाचं द्रव्य, ज्याने जिवंत लिम्फोसाइट उसळायलाच हवेत. ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पाच-सहा दिवस ठेवायचं. ज्या पेशींना तो अर्क 'ओळखीचा' आहे त्या विभागायला लागतात. किती विभागल्या ते मोजायला पूर्वापार किरणोत्सारी थायमिडीन वापरतात, नव्या डीएनएत ते बसतं. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, म्हणून बऱ्याच लॅब रंगाची पद्धत वापरतात: पेशीला चमकता रंग द्यायचा, दर विभाजनाला चमक निम्मी होते.

जेवणाची वेळ झाली. उरलेलं रात्री लिहितो.

पोह्यात_शेंगदाणे

वाखुसा (वाचनखूण साठवली). बफी_कोट काका, रात्री नक्की या.

आम्ही_जागरूक

मी असं पॅनेल केलंय, वेगळ्या ठिकाणी. मला गहू आणि पारा लाल आला. गहू सोडला, दातातलं जुनं चांदीचं सिमेंट काढून घेतलं, तीन महिन्यांत अंगावरची खाज गेली. डॉक्टरांना हे मान्य नसतं कारण त्यांची गोळी खपत नाही. ताई, करून घ्या.

मंगळागौर_८७

माझा अनुभव त्वचेचा आहे पण विषय तोच.

लग्नानंतर मानेवर मागे, मंगळसूत्राचा हूक येतो तिथे, चट्टा उठायचा. बेंबीखाली जीन्सच्या बटणाचा चट्टा. कपाळावर टिकलीखाली आधी खाज, मग पांढरा डाग. सासरी 'कोड आलं' म्हणून कुजबुज सुरू झाली, ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो.

त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या चकत्यांत वीसेक पदार्थ लावून चिकटपट्टी. ४८ तासांनी काढायची, तेव्हा एकदा बघायचं, मग आणखी एक-दोन दिवसांनी परत. तोवर पाठीला पाणी नाही, घाम नाही. मी शहाणी मे महिन्यात केली! विरार लोकलमध्ये दादर येईपर्यंत अर्ध्या पट्ट्या ब्लाउजला चिकटल्या होत्या. डॉक्टर हसले आणि म्हणाले जानेवारीत या. जानेवारीत निकेल दोन अधिक, आणि टिकलीच्या गोंदातलं एक रसायन एक अधिक. पांढरा डागही त्या गोंदाचाच, कोड नव्हे. कुंकू लावायला लागले, डाग बराचसा भरला.

डॉक्टरांनी एक द्रव दिला होता, दागिन्यावर कापसाने चोळायचा, निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. घरातले सगळे हूक, घड्याळं, किल्ल्या चोळून बघितल्या. सोन्याच्या मंगळसूत्राचा हूक गडद गुलाबी. सोनाराने तो मुकाट्याने बदलून दिला.

बफी_कोट, ही पण पेशींचीच टेस्ट ना?

बफी_कोट

आलो. मंगळागौर, अगदी बरोबर. पॅच टेस्ट ही माणसाच्या पाठीवर केलेली टी पेशींची टेस्ट आहे. १८९५ पासून चालत आलेली, स्वस्त, आणि तुमच्याच अंगातल्या तुमच्याच पेशी, कुरिअरने कुठे न जाता, तिथल्या तिथे उत्तर देतात. टीबीसाठी हातावर टोचतात ती मांटू टेस्टही त्याच जातीची, म्हणून ४८ ते ७२ तासांनी बघायला बोलावतात. धूळ-झुरळाची टोचून करायची टेस्ट १५-२० मिनिटांत फुगते, ती अँटीबॉडीची. किती वेळाने उत्तर येतं यावरून कोण बोलतंय ते कळतं.

आता चिऊताईंच्या पॅनेलकडे. माझ्या शंका अशा.

पेशी जिवंत पोचायला हव्यात. जुलैतला एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. अंधेरीहून सकाळी निघालेलं रक्त, हिंदमाताला पाणी भरलं, पोरगा बिचारा बॅग डोक्यावर घेऊन चालत संध्याकाळी सातला आला. वाटेत कुणीतरी प्रेमाने नळ्या बर्फात ठेवल्या होत्या. बाकी टेस्टना थंड बरं असतं, या टेस्टला घातक. पीएचएच्या खळग्यात सुद्धा पेशी हलल्या नाहीत. आम्ही रिपोर्टवर 'नमुना अयोग्य' लिहिलं आणि फोनवर शिव्या खाल्ल्या. तुमच्या पॅनेलवाल्यांना एवढंच विचारा: पीएचएचा आकडा रिपोर्टात छापता का? किती वेळात रक्त लॅबमध्ये पोचतं? नमुना बाद केल्याचं उदाहरण आहे का? कधीच बाद होत नाही असं म्हणाले तर समजून जा.

मग गुणोत्तराचा खेळ. अर्क घातलेल्या खळग्यातला आकडा भागिले नुसत्या पेशींचा आकडा. समजा नुसत्या ६००, अर्कासकट २,४००, गुणोत्तर ४. बहुतेक ठिकाणी ३ च्या वर गेलं की 'आहे' म्हणतात. आता त्याच बाईंना सर्दी झालीय, पेशी आधीच चळवळ करतायत, नुसत्या १,५०० आल्या, अर्कासकट ३,०००, गुणोत्तर २, 'नाही'. आणि ३ चीच रेघ ठेवून ९६ गोष्टी तपासल्या की दोन-चार निव्वळ योगायोगाने लाल येणारच. अर्कातच बॅक्टेरियाचा अंश असला तर सगळ्यांचंच लाल येतं. स्टेरॉइड सुरू झाल्यावर रक्त घेतलं तर पेशी झोपलेल्या असतात, सगळं हिरवं!

आम्ही_जागरूक, तुमची खाज गेली याचा आनंद आहे, खरंच. पण गहू सोडला तेव्हा बिस्किटं, पाव, बाहेरचं खाणं, सगळंच सुटलं असेल. काय लागू पडलं ते तुम्हाला-मला कसं कळणार? अन्नावरच्या अशा रक्ततपासण्यांबद्दल युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच लिहून ठेवलंय की अन्नाविरुद्धची आयजीजी-४ नावाची अँटीबॉडी म्हणजे 'हे खाल्लंय' याची खूण, आजाराची नव्हे. पांढऱ्या पेशी अन्नाच्या अर्कात किती फुगतात ते मोजणाऱ्या टेस्टनाही ॲलर्जीच्या संघटना मान्यता देत नाहीत.

आम्ही_जागरूक

म्हणजे मी मूर्ख?

बफी_कोट

असं कुठे म्हटलं दादा? खाज तुमची, पैसे तुमचे. चिऊताईंनी विचारलं म्हणून सांगितलं.

स्प्रिंगवाला

ठाण्याच्या कारखान्यात तांब्याच्या मिश्रधातूंचं काम करायचो, त्यामुळे एक भर घालतो. लिम्फोसाइट विभाजनाची टेस्ट जगात एका ठिकाणी अगदी ठामपणे वापरतात: बेरिलियम नावाच्या धातूसाठी. विमानाचे भाग, इलेक्ट्रॉनिक्सच्या स्प्रिंगा, अणुभट्ट्या. बेरिलियमची धूळ नाकात गेली की थोड्या लोकांच्या टी पेशी ती धरून ठेवतात आणि वर्षांनंतर फुप्फुसात गाठी होतात. अमेरिकेत २०१७ च्या नियमाने हवेतल्या बेरिलियमची मर्यादा घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमवर आणली आणि कामगारांच्या रक्ताची ही टेस्ट ठरवून दिली.

पण गंमत बघा, तिथेही एका रिपोर्टवर कुणाला 'आहे' म्हणत नाहीत. बेरिलियम तीन प्रमाणांत, दोन वेगवेगळ्या दिवशी, असे सहा आकडे. सहापैकी दोन वर गेले तर असामान्य, एक गेला तर काठावर. आणि असामान्य आला की पुन्हा रक्त. एका पदार्थासाठी एवढी काटेकोर टेस्ट. इथे ९६ पदार्थ एका नळीत? शिवाय पेशींनी ओळखलं म्हणजे आजार झाला असंही नाही, तसे बरेच जण वर्षानुवर्षं नुसते देखरेखीखाली असतात.

नर्सबाई_सायन

स्प्रिंगवाल्यांशी सहमत. आमच्याकडे इग्राचं तसंच होतं. टीबीची रक्ताची टेस्ट हो, चार छोट्या नळ्या असतात ती. नळीत टीबीच्या जंतूचे प्रथिनांचे तुकडे असतात, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं, टी पेशींनी इंटरफेरॉन गॅमा सोडलं तर पॉझिटिव्ह. एक नळी रिकामी, एक मायटोजेनची, म्हणजे काकांची पीएचएवाली गोष्ट. मायटोजेनलाच उत्तर नाही आलं तर रिपोर्ट 'इंडिटरमिनेट', म्हणजे धड हो नाही की नाही नाही, पैसे पाण्यात.

मला स्वतःला पॉझिटिव्ह आहे. एवढी वर्षं वॉर्डात काढल्यावर नसतं तरच नवल! एक्स-रे स्वच्छ, वजन भरपूर. पेशींच्या लक्षात आहे एवढंच.

आणि अँटीबॉडीवरून टीबी ओळखायच्या टेस्ट आपल्याकडे गल्लोगल्ली चालायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये नको म्हटलं, २०१२ मध्ये सरकारने बंदीच घातली. तोवर कितीजणांनी विनाकारण सहा-सहा महिने गोळ्या खाल्ल्या असतील.

चिपाड

कोल्हापूरहून लिहितोय. आमच्या साखर कारखान्यावर भिजून कुजलेल्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ढिगाऱ्यात काम करणाऱ्यांना हाच खोकला-ताप होतो असं ऐकलंय. काम केलं की रात्री ताप, सुट्टीला गावी गेला की बरा. तेच का हे?

बफी_कोट

हो दादा, त्याला बॅगासोसिस म्हणतात. कुजणाऱ्या चिपाडात उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांची धूळ. आजाराची जात तीच, निमित्त वेगळं. आणि 'काम केलं की चार-सहा तासांनी ताप, रजेवर बरा' ही तुम्ही सांगितलेली खूण कुठल्याही पॅनेलपेक्षा मोलाची. देशभरातल्या २७ केंद्रांनी मिळून १,०८४ रुग्णांची नोंद केली होती, २०१७ मध्ये छापून आली. फुप्फुसाच्या अशा जाळीदार आजारांत ४७ टक्के हाच निघाला. आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या घरी निमित्त काय, तर एअर कूलर! ओलं गवत, बुरशी. कूलर शोधायला प्रश्न लागतो, रक्त लागत नाही.

आजीचा_बटवा

अवांतर: लहानपणी टाचेला आजीने बिब्बा घातला होता, पाय असा सुजला की आठवडाभर शाळा बुडली. धोबी कपड्यांवर त्याचीच खूण करायचे, तिथे मानेला चट्टे उठायचे. आता हापूसच्या देठाचा चीक ओठाला लागला तरी फोड येतात. हेही पेशींचंच?

बफी_कोट

पेशींचंच. बिब्बा, आंबा, काजू एकाच कुळातले. काजूच्या टरफलाचं तेलही तसंच, कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. तुमच्या टी पेशींनी टाचेवर ओळख करून घेतली आणि ओठावर आठवण दाखवली. आंबा धुऊन, देठाकडचा भाग कापून, साल काढून खा. आंबा सोडा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

चिऊताई_१४वा_मजला

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी परत आले.

पॅनेलवाल्यांना फोन केला, बफी_कोट यांचे प्रश्न कागदावर लिहून. पीएचए म्हटल्यावर ताई म्हणाल्या, 'मॅडम, ते आमच्या पॅकेजमध्ये नाही, वेगळं करावं लागेल.' रक्त दुसऱ्या शहरात जातं, किती तासांत ते सांगता येणार नाही, आणि रिपोर्ट आजवर कुणाचाच बाद झालेला नाही. मी धन्यवाद म्हणून ठेवून दिला. जाऊबाई चार दिवस बोलत नव्हत्या.

सासूबाई बहिणीकडे चिपळूणला गेल्यात. डॉक्टरांना विचारूनच पाठवलं, स्टेरॉइड सुरू आहे. त्यामुळे फरक औषधाचा की कोकणाचा ते सांगता येत नाही, पण फोनवर सलग बोलतात, मधे खोकला नाही. पुढच्या महिन्यात फुंकायची टेस्ट आणि सहा मिनिटं चालण्याची टेस्ट आहे.

अडचण वेगळीच. जाळीवाला आला तर युनिटमागे घरट्यात दोन अंडी. नवरा म्हणतो उचल आणि टाक. सासूबाईंनी चिपळूणहून बजावलंय की माझ्या नावावर ते पाप नको, पिल्लं उडू देत, मग जाळी लावा.

दादरकर_तिसरी_पिढी

घ्या! आता काय बोलणार.

बफी_कोट

अंडी फुटायला अठराएक दिवस, पिल्लं उडायला पुढे चार-पाच आठवडे. तोवर आईंना चिपळूणलाच राहू द्या, ती खिडकी बंद ठेवा आणि फटींना टेप लावा. घरटं काढाल तेव्हा कोरडं झाडू नका, पिसांवरची पूड पिठासारखी उडते. आधी पाणी मारून चिंब करा, एन-९५ मास्क, हातमोजे, आणि आई घरात नसताना. पडदे, गादीची खोळ, खिडकीतली पोथीची चौरंगी बैठक, सगळं धुऊन काढा.

चिऊताई_१४वा_मजला

सांगितलं त्यांना. राहतील म्हणाल्या दोन महिने. पोथी मात्र धुवायची नाही, पुसायची, असा निरोप आहे.